थांब, नवीन येतंय

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी पाथर्डीहून मामेभावाचा मेसेज आला : ‘दादा, प्लेस्टेशन सहा येतोय म्हणे. पाच घेऊ का थांबू?’

सोबत एक व्हिडिओ होता. सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन ऑक्टोबर २०२५मध्ये ‘प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्ट’बद्दल जे बोलले, तोच. हे तंत्रज्ञान सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायचा विचार आहे, असं सर्नी त्यात स्वच्छ सांगतात. म्हणजे वस्तू अजून जन्मलेलीच नाही. तरी काही दिवसांत तो व्हिडिओ शेवगाव रोडवरच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पोचला होता आणि तिथला माणूस पैसे खिशात ठेवावेत का बाहेर काढावेत या विचारात पडला होता.

मला उत्तर द्यायला चार दिवस लागले. कारण हाच प्रश्न त्याने आधी एकदा विचारला होता आणि तेव्हा मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं होतं.

ती जानेवारी २०२१ची गोष्ट. लॉकडाऊनपासून मी पाथर्डीत घरूनच काम करत होतो, गच्चीत ज्या कोपऱ्यात रेंज येईल तिथे खुर्ची टाकून. मामेभावाचं दुकान त्या वर्षी जोरात होतं. शाळा मोबाईलवर आल्या होत्या आणि घराघरांतले काच फुटलेले फोन कपाटातून बाहेर निघाले होते. त्याच्याकडे चाळीसेक हजार साठले. पीएस-५ भारतात २ फेब्रुवारीला यायचा होता. डिस्कवाला ४९,९९०, बिनडिस्कचा ३९,९९०. १२ जानेवारीला बुकिंग उघडलं आणि बघता बघता संपलं. ‘पुढच्या खेपेला धरतो, कमी पडले तर तू घाल,’ असं तो म्हणाला. मी म्हणालो, ‘कशाला घाई करतोस? वर्ष-दीड वर्ष थांब. कन्सोल कायम स्वस्त होतो. तोवर गेमही जमतील.’

तो थांबला. नोव्हेंबर २०२२मध्ये किंमत पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली. अर्थात तोवर त्याचे पैसेही उरले नव्हते. मामांच्या रानात बोअर घेतली होती आणि ती कोरडी गेली होती.

तो मला कधी काही बोलला नाही. उलट म्हणाला, ‘बरं झालं दादा, नाहीतर बोअरला पैसे कुठून आणले असते?’ हे वाक्य मी बऱ्याचदा उलटसुलट करून पाहिलंय. मला ते अजून नीट लागत नाही.

मराठीत ‘शिफारस’ या शब्दाला एक वास आहे. शिफारस म्हणजे वशिला, आमदाराचं पत्र, ओळखीच्या साहेबाला केलेला फोन. ज्याची शिफारस करायची त्याच्यासाठी आपली पत पणाला लावायची, हा त्यातला मूळ व्यवहार. उमेदवार नालायक निघाला तर बोल शिफारस करणाऱ्याला लागतो. गेम सुचवताना आम्ही हा व्यवहार विसरतो. ‘आम्ही’ म्हणजे माझ्यासारखे अठ्ठावीस-तीसचे, गावातून इंजिनिअरिंगला पुण्यात आलेले आणि इथेच आयटीत चिकटलेले. दुपारच्या जेवणाला डबे उघडले की आमचं सुरू होतं : अमुक खेळ, तमुक मास्टरपीस आहे, आणि आता घेऊ नकोस, नवीन येतंय. ऐकणाऱ्याकडे काय आहे, तो कधी खेळतो, शेजारी कोण बसतं, यातलं काहीही न विचारता. गेम सुचवणं ही समीक्षाच असते असं मला वाटतं, आणि ती आम्ही फार वाईट करतो असं माझं म्हणणं आहे.

पूर्वी आम्ही ती बरी करायचो. त्यासाठी मढीला जावं लागेल.

मढी पाथर्डी तालुक्यातच. कानिफनाथांची समाधी तिथे आहे आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मोठी यात्रा असते. या यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. व्यापारी गाढवाचं तोंड उघडून दात बघतो, त्यावरून वय ठरवतो आणि मग भाव बोलतो. पुढच्या वर्षी येणाऱ्या गाढवाबद्दल तिथे कुणी चर्चा करत नाही. २००६च्या यात्रेत वडिलांनी मला खेळण्यांच्या पालावरून टीव्ही गेम घेऊन दिला. काळं यंत्र, दोन रिमोट (गेमपॅड हा शब्द आम्हाला फार नंतर कळला) आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. लावल्यावर कळलं की गेम वीस-पंचवीसच आहेत. तेच ते नाव बदलून, मधल्या स्टेजपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेत.

तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. फॅमिकॉम जपानमध्ये आला १५ जुलै १९८३ला. म्हणजे मी नवा कोरा समजून घरी आणला तो यंत्राचा आराखडा तेवीस वर्षं जुना होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपान-अमेरिकेत पीएस-३ दुकानांत लागणार होता. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आम्ही कशाचीच वाट बघत नव्हतो. ते अज्ञान फार रम्य होतं असं मला म्हणायचं नाही. कॅसेट फुंकून फुंकून दम लागायचा आणि टीव्हीची पिन धरून एकाला उभं राहावं लागायचं. पण कॅसेट अदलाबदलीला एक शिस्त होती. आमच्या गल्लीत चार कॅसेटी होत्या. कुणी ‘ही घे, भारी आहे’ म्हणून दिली आणि ती भंगार निघाली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत तोच समोर बसलेला असायचा. मग त्याची पुढची कॅसेट कुणी पटकन घ्यायचं नाही. शिवाय देणारा आधी विचारायचा, ‘तुमच्याकडं दुसरा रिमोट चालतो का?’ कारण काही गेम एकट्याने खेळण्यात अर्थच नव्हता.

‘कॉन्ट्रा’ त्यातला पहिला. कोनामीचा, १९८७चा, आमच्यापर्यंत आला तो १९८८ची फॅमिकॉम आवृत्ती. या गेमबद्दल जगभर लिहिलं गेलंय ते मुख्यतः तीस जिवांच्या कोडबद्दल : वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए. तो कोड मी लिहिलेला कुठे पाहिला नव्हता. नगरच्या एका थोरल्या चुलतभावाने सुट्टीत तोंडी दिला होता, पाढ्यासारखा. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण त्या सुट्ट्या नगरच्याच राहतील.) मला मात्र ‘कॉन्ट्रा’ मोठा वाटतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे तिसरी स्टेज, धबधब्याची. पहिल्या स्टेजला पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो, इथे खालून वर. दोघं खडकांवरून उड्या मारत चढतात. पुढचा जसा वर जातो तसा पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, दरीत पाय घसरत नाही; जोडीदाराला घाई झाली म्हणून तो मरतो. दुसरी गोष्ट उसन्या जिवाची. तुमचे सगळे जीव संपले तर बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतला एक घेता येतो, आणि त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. गेममध्ये लागत नाही, घरात लागायची. मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो धबधब्यावर हमखास मागे राहायचा, मग माझे जीव घ्यायचा, मग आमची मारामारी व्हायची. त्या आठ-दहा मिनिटांत दोन पोरांचं नातं जितकं उघडं पडतं तितकं उघडं पाडणारा गेम मी पुढे लाख रुपयांच्या यंत्रावरही फारसा खेळलो नाही.

आणि मग लाईट जायची. २००५ नंतरची ती वर्षं भारनियमनाची होती, ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास अंधार. ‘कॉन्ट्रा’त सेव्ह नाही. सहाव्या स्टेजला असा, नाहीतर आठव्या, लाईट गेली की पुन्हा जंगलापासून सुरू. त्यामुळे गेम सुचवताना भारनियमनाचं वेळापत्रकही विचारात घ्यावं लागायचं. दुपारी दोनला लाईट येणार आणि चारला आईला मालिका बघायची असेल, तर ‘कॉन्ट्रा’ लाव. नाहीतर ‘मारिओ’ वगैरे लावून वेळ काढ. आता हसू येतं, पण खेळणाऱ्याच्या घरात डोकावून केलेली शिफारस होती ती.

मग ‘थांब, स्वस्त होईल’ हे ज्ञान मला कुठून मिळालं? इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधून, आणि ते तेव्हा खोटं नव्हतं. पीएस-२ मार्च २०००मध्ये जपानमध्ये आला. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलरपासून उतरत उतरत २००९मध्ये ९९वर आली. भारतात तो शेवटी शेवटी पाच हजारांच्या आत मिळायचा. यामागे साधं गणित होतं. सुरुवातीला त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स अशा दोन मोठ्या चिप होत्या. कारखान्यांचं तंत्र सुधारलं तशा त्या लहान झाल्या, पुढे दोन्ही मिळून एकच चिप झाली. सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिप निघायला लागल्या, वीज कमी लागू लागली, पंखा आणि डबाही छोटा झाला. यंत्र तेच, बनवायचा खर्च अर्ध्याहून कमी. पीएस-३ही ५९९ डॉलरचा तीन वर्षांत २९९ला आला. या दोन उदाहरणांवर आमच्या पिढीने नियम बसवला की कन्सोल म्हणजे कांदा : आज महाग असला तर महिनाभर कळ काढ.

त्या स्वस्त पीएस-२मुळे एक गमतीदार गोष्टही घडली. २००९च्या सुमारास सोनीने भारतीय कंपन्यांकडून भारतासाठी गेम बनवून घेतले. हैदराबादच्या ऑरोनाचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’, विटीदांडू, कबड्डी, पतंगवाला ‘देसी अड्डा’. ‘हनुमान’ मी नंतर मित्राकडे खेळलो. हालचाल अडखळती, कॅमेरा भलतीकडेच बघणारा. दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवावा असा. पण तो ज्याने कुणी ठरवला त्याची एक गोष्ट मला पटते. जगात पीएस-३ येऊन तीन वर्षं झाली होती आणि तरी त्यांनी नऊ वर्षं जुन्या यंत्रासाठी गेम केला, कारण इथल्या घरांत तेच यंत्र होतं.

पुढे ते गणित बिघडलं. चिप अजूनही लहान होतात. पीएस-५ची चिपही २०२२मध्ये सात नॅनोमीटरवरून सहावर आली. पण नव्या कारखान्यातली चकती इतकी महाग झालीय की चिप लहान झाल्याचा फायदा तिथेच संपतो. भारतात पीएस-५ची छापील किंमत वाढली ती वाढली. सणासुदीच्या ऑफरमध्ये काय खाली येईल तेवढंच. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५मध्ये तो पन्नास डॉलरनी महागला, एक्सबॉक्स त्याच वर्षी दोनदा महागला. वर्ष संपता संपता एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचे भाव चढवले. हे सगळं मला, चिप आणि मेमरीच्या जवळपास पोट भरणाऱ्या माणसाला, २०२१मध्ये पूर्ण कळायला हवं होतं असं नाही. पण जुन्या नियमावर मी ज्या खात्रीने बोललो, ती खात्री माझी नव्हती. होस्टेलमध्ये ऐकलेली उसनी होती, आणि ‘कॉन्ट्रा’तल्या जिवासारखी मी ती न विचारताच दुसऱ्याच्या खात्यातून घेतली होती.

आमच्या गप्पांत आज गेमपेक्षा न आलेलं यंत्र जास्त असतं. पीएस-५ची ताकद १०.२८ टेराफ्लॉप, पीएस-५ प्रोची १६.७, हे आकडे आम्हाला पाठ आहेत. प्रो ७ नोव्हेंबर २०२४ला जगात आला आणि भारतात आलाच नाही. त्यातलं वायफाय सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि आपल्याकडे तो तेव्हा खुला नव्हता. ते आधीच जाहीर झालं होतं. तरी आमच्या टेबलावर महिनाभर प्रोवर चर्चा झाली : घ्यावा का, किती फरक दिसतो, केसांवरचा प्रकाश कसा पडतो. चारजणांपैकी कुणीही तो विकत घेणार नव्हतं. निन्टेन्डोचं तर विचारूच नका. ही कंपनी भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नाही. स्विच-२ ५ जून २०२५ला आला तो दुबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून नाहीतर मुंबईच्या बाजारातून, वॉरंटीशिवाय. ‘जीटीए ६’ची तारीख २०२५वरून २६ मे २०२६वर आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६वर गेली. माझा एक सहकारी तेवढ्यासाठी कन्सोल घ्यायचा थांबलाय. दरम्यान तो काहीच खेळत नाही. ट्रेलर मात्र त्याने इतक्यांदा पाहिलाय की पात्रांच्या मागून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर सांगेल.

वाट बघण्यात मजा असते हे मलाही कळतं. सिनेमाचं पोस्टर लागल्यापासून शुक्रवारपर्यंतचे दिवस सिनेमापेक्षा चांगले जाऊ शकतात. पण त्या उत्साहाला आम्ही सल्ल्याचे कपडे घालतो आणि दुसऱ्याच्या पैशावर खर्च करतो. तिथे माझी तक्रार आहे, आणि ती प्रथम माझ्याविरुद्ध आहे.

अभिमानाचंही तसंच. ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत, तरी ते थांबले नाहीत. १८ ऑगस्ट २०२०ला तो आला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. मी सापडेल त्याला तो सुचवला : ‘आपल्या पुण्याचा आहे!’ पण तो आला कुठे, तर आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, राखीच्या दिवशी असुरांनी पळवलेल्या भावाला बहीण शोधते, असा गेम पहिले दोन महिने अशा यंत्रावर होता जे या देशात अधिकृतपणे मिळतच नाही. ज्यांना मी सुचवला त्यांतल्या एकाकडेही स्विच नव्हता. माझ्याकडेही नव्हता. पीसीवर आला तेव्हा मी खेळलो. भिंतींवरची चित्रं उजळत जाऊन कथा सांगतात तो भाग सुंदर आहे, सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग बघताना पिंगुळीची आठवण येते. पण निवेदक जरा जास्तच समजावून सांगतात, तेही सुरुवातीला इंग्रजीत (पुढच्या आवृत्तीत हिंदी आवाज आले), आणि शेवट असा येतो की पुढचं पान फाटलंय की काय वाटावं. हे मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही. आपल्या माणसाच्या गेममधले दोष सांगितले तर तो कमी विकला जाईल अशी भीती होती. परिणाम असा झाला की मामेभावाने दोन वर्षांनी तो कुणाच्या तरी लॅपटॉपवर खेळला आणि मला म्हणाला, ‘तू म्हणत होतास तेवढा नाही.’ तेवढा म्हणजे किती, हे मी सांगितलंच नव्हतं.

पाथर्डीत खरा कन्सोल मोबाईलच आहे. पबजी २ सप्टेंबर २०२०ला बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२१मध्ये आला, वर्षाने पुन्हा स्टोअरवरून गेला, मे २०२३मध्ये परत आला. या प्रत्येक तारखेला मामेभावाच्या दुकानात गर्दी झाली, ‘चालू करून द्या’ म्हणून. तिथल्या बाकड्यावर जी समीक्षा चालते ती मी पुण्यात ऐकत नाही. कोणता फोन वीस मिनिटांत तापतो, कोणत्या हँडसेटवर स्पर्श उशिरा पोचतो, टॉवर कुठल्या बाजूला आहे, हे सगळं माहीत असलेली मंडळी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक पोरगा तिथे दिवाळीआधी येतो आणि कारखान्यावरच्या कोपीत नेट चालेल असा गेम विचारतो. मामेभाऊ त्याला इंटरनेट न लागणारे दोन-तीन गेम भरून देतो. यंत्र, जागा, हंगाम, माणूस, सगळं बघून दिलेला सल्ला.

त्याच दुकानदाराला मी २०२३मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ सुचवला. या वेळी विचारून. त्याच्या फोनवर चालतो हे बघून. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केलेला, २०१६चा शेतीचा गेम. तुम्ही एका मोठ्या कंपनीत खुराड्यात बसून काम करत असता, आजोबांनी मरताना दिलेलं पत्र उघडता आणि त्यांच्या पडक्या शेतावर राहायला जाता. हिंजवडीत खुराड्यात बसून मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, शेतकऱ्याच्या घरातल्याला हा आणखी आवडेल.

आठवड्याने त्याचा फोन आला. ‘दादा, हा गेम कुणी केलाय?’

‘का?’

‘यात पाणी नाही घातलं तर पीक मरत नाही. नुसतं वाढायचं थांबतं. असं बियाणं कुठं मिळतं ते विचार त्याला.’

मग तो सुटलाच. टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात आणि तो पडतो. तळं उपसलं तरी आटत नाही. हजार मोजले की विहीर बांधून मिळते आणि तिला पाणी असतंच. माल घराजवळच्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हजर. ना हमाली, ना तोलाई, ना आडत. सगळ्यात जास्त हसला तो भावावर. सलगमसारखं ते पहिलं पीक पंधरा लावा नाहीतर पंधराशे, भाव तोच. ‘सगळ्या गावाने कांदा लावला तरी पडणार नाही म्हण की!’

मी गेमची बाजू घेत म्हणालो, की हे स्वप्न आहे, विसाव्यासाठी केलेलं. तो म्हणाला, ‘तुझं आहे. तू ऑफिसातून पळून तिकडं जातोस. मी तिथंच हाय, मी कुठून पळू?’

‘स्टारड्यू’वर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलंय : शांतता, भांडवलशाहीपासून सुटका, श्रमाचा आनंद. हे एक वाक्य मला कुठे सापडलं नव्हतं. गेम तोच, पण मी खेळतो तो परतण्याचा गेम आहे, आणि जो कधी गेलाच नाही त्याच्यासाठी ती गोष्ट सुरूच होत नाही. आजोबांचं पत्र त्याला कुणी दिलेलं नाही. त्याच्या वाट्याला थेट सातबारा आलाय. मला वाटलं, आता हा गेम काढून टाकणार.

त्याने काढला नाही. त्याला त्यात वेगळंच कुणीतरी सापडलं होतं. गावात पॅम नावाची एक बाई आहे. ती बस चालवायची, पण बस बंद पडली तेव्हापासून रिकामी आहे. मुलीबरोबर एका जुनाट ट्रेलरमध्ये राहते आणि संध्याकाळी दारू पीत बसते. मी शंभर तास खेळून तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. भेट म्हणून तिला काय आवडतं हे लक्षात ठेवायचं, बस्स. मामेभावाने मात्र २०२१-२२चा एसटी संप दुकानात बसून पाहिला होता. त्याच्या बाकड्यावर ते महिने काही ड्रायव्हर-कंडक्टर रोज येऊन बसायचे, चहा प्यायचे, फोन दुरुस्त न करताच जायचे. त्याच्या लेखी ‘स्टारड्यू’त खरं माणूस एकच, आणि ती पॅम. ‘बाकीचे सगळे पाहुणे वाटतात,’ असं म्हणाला.

गेममध्ये ती बस दुरुस्त करता येते. एकूण ४२,५०० सोनं भरावं लागतं, हप्त्याहप्त्याने; शेवटचा हप्ताच पंचवीस हजारांचा. सहसा लोक हे पैसे भरतात ते वाळवंटात जायला मिळतं म्हणून, तिथे चांगलं बियाणं आहे. त्याने त्यासाठी भरायला घेतले नव्हते.

तर, दिवाळीचा मेसेज. चार दिवसांनी मी फोन केला आणि या वेळी आधी प्रश्न विचारले. टीव्ही कुठला आहे? पोरगी आता चार वर्षांची झालीय, संध्याकाळी टीव्ही कुणाचा असतो? दुकान किती वाजता बंद होतं? नेट कुठलं, डिस्क परवडतील का, नगरला जुन्या डिस्क मिळतात का? तुला नेमकं काय खेळायचंय? तो शेवटच्या प्रश्नावर थोडा थांबला. म्हणाला, ‘दोघांनी बसून खेळायचा कुठलाही. तू आलास की.’

मग मी सांगितलं, की सहा कधी येईल आणि केवढ्याला येईल ते मला माहीत नाही. पाच स्वस्त होईल असं मी पुन्हा सांगणार नाही. दोघांनी शेजारी बसून खेळण्यासारखे चार गेम पाचवर आहेत, त्यांतले दोन जुन्या पीएस-४वरही चालतात, आणि वापरलेला पीएस-४ निम्म्याहून कमी पैशांत मिळेल. तो घ्यायचा तर मी पुण्यात स्वतः उघडून, धूळ आणि पंखा बघून आणतो. पोराच्या हातात रिमोट देऊन तासभर चालवून बघतो. गाढवाचे दात बघतात तसे.

‘आणि नाही चालला तर?’

‘नाही चालला तर माझ्याकडे राहील. पैसे तुला परत.’

तो म्हणाला, सांगतो. मग बराच वेळ काहीच सांगितलं नाही. डिसेंबरात एका रात्री साडेअकराला त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. बसथांब्यावर ती बाई उभी, तिच्यामागे रंगवलेली बस. खाली लिहिलं होतं : ‘भरले एकदाचे सगळे. उद्यापासून ड्युटीवर.’